धोंड्याच्या महिन्यातला कूलरवाला

मी प्रेमकथा लिहितो. हे वाक्य मी आजवर फक्त मोनालीजवळ मोठ्यानं म्हटलंय. दिवसा मी वर्ध्यातल्या एका सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळतो. संध्याकाळी सिंदी मेघेतल्या आमच्या घराच्या गच्चीवर बसून, मोबाइलवरच्या एका गोष्टींच्या ॲपवर, 'मंजिरी' या नावानं माणसांची ताटातूट करतो आणि मग त्यांना परत जुळवतो. तुटलेलं जुळवण्यात आपला हात कोणी धरू शकत नाही, असं माझं ठाम मत होतं. वाचक मला ताई म्हणतात. मी दुरुस्त करत नाही.

यंदा पहिल्यांदाच मी दोन पुरुषांची गोष्ट लिहायला घेतली. केशव आणि माणिक. केशव घाबरट, माणिक सरळ. केशव चारचौघांत माणिकला ओळख देत नाही, माणिक निघून जातो, आठ वर्षांनी स्टेशनवर गाठ पडते, केशव दीड पान माफी मागतो, माणिक रडतो, दोघं चहा पितात. समाप्त. एकवीस भाग लोकांनी डोक्यावर घेतले आणि बाविसाव्यात, जिथं मी जीव ओतला होता, तिथं मला आपटलं. 'ताई, पटलं नाही.' 'ताई, घाई झाली का?' एका बाईनं तर लिहिलं, 'माझ्या नवऱ्यानेही अशीच माफी मागितली होती, अजून तस्साच आहे.' तिला दीडशे लाइक पडले. माझ्या आख्ख्या भागाला एकशेदहा.

मी दुसऱ्या दिवशी तणतणतच कचेरीत गेलो. मोनाली माझ्या समोरच्या टेबलावर बसते. ती माझी पहिली वाचक आणि या जन्मातली एकमेव गुपित-पेटी.

"काय चुकलं ते सांग," मी म्हटलं.

ती डबा खात होती. "तुहा केशव नुसता बोलला. केलं काय त्यानं?"

"माफी मांगितली ना."

"मांगाले काय जाते? मी साहेबाची रोज मांगते." तिनं पोळीचा तुकडा मोडला. "अन् माणिक काऊन परत येते? त्याले काई दुसरं काम नाई का?"

मला फार झोंबलं, कारण मोनालीला माहीत होतं की केशव म्हणजे मी आणि माणिक म्हणजे साकेत. ती गोष्टीबद्दल बोलत होती की माझ्याबद्दल, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. मी आवक रजिस्टर उघडून उगाच पानं चाळली.

साकेत अल्लीपूरचा. वर्ध्याच्या एका अभ्यासिकेत आम्ही दोघं स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करायचो, म्हणजे मी करायचो आणि तो अभ्यासिकेचे पंखे दुरुस्त करायचा. बंद पडलेली वस्तू दिसली की त्याला राहवत नसे. त्याची आणखी एक सवय होती. परक्या घरी तो कधी मागून घ्यायचा नाही. पहिल्या वाढपात जे पडेल ते निमूट खायचं, कोणी दुसऱ्यांदा वाढायला आलं की 'पोट भरलं' म्हणायचं. पोट भरलेलं नसायचं. एके दिवशी मात्र त्यानं मला न विचारता माझ्या डब्यात हात घातला आणि लोणच्याची फोड उचलली. वर म्हणाला, "उद्या जास्त आणजो." त्या दिवशी मला कळलं की मी आता त्याला परका नाही. बाकीचं पुढच्या महिन्याभरात कळलं.

तीन वर्षं आम्ही सोबत होतो. त्या तीन वर्षांत माझ्या आईनं त्याला एकदाही पाहिलं नव्हतं. तशी मी काळजी घेतली होती.

मग धोंड्याचा महिना आला. पंचांगात दर तीनेक वर्षांनी एक महिना जास्तीचा येतो, तोच महिना पुन्हा एकदा. त्यात जावयाचे लाड करायचे, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं. दोन हजार अठरा साली तो ज्येष्ठात आला, ऐन नवतप्यात. नवतपा म्हणजे उन्हाळ्याचे ते नऊ दिवस, ज्यात वर्धेकर एकमेकांशी फक्त तापमानाबद्दल बोलतात. ज्या रविवारी माझी ताई दीपमाला आणि रूपराव भाऊजी जेवायला यायचे होते, त्याच सकाळी आमचा कूलर बंद पडला. नवतप्यात आमच्याकडे एक वेळ डॉक्टर मिळेल, पण मिस्त्री मिळणार नाही. आई रडायच्या बेताला आली आणि मी साकेतला फोन केला.

तो अर्ध्या तासात आला. कूलरची मोटर खोलून बसला, कोपरापर्यंत काळा झाला, बनियन घामानं अंगाला चिकटलं. तेवढ्यात भाऊजी आले. त्यांनी रुमालानं मान पुसत विचारलं, "हे कोण?"

मी म्हटलं, "कूलरवाला."

आता हे नीट ऐका. 'माझा मित्र आहे' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. मित्र सगळ्यांनाच असतात, भाऊजींनी 'बरं बरं' म्हटलं असतं आणि पाणी मागितलं असतं. पण चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं, मित्र म्हटलं की माझ्या तोंडावरच सगळं दिसेल. म्हणून मी असा शब्द शोधला ज्यात काहीच दिसणार नाही.

आई मायाळू. धोंड्याच्या महिन्यात दाराशी आलेला माणूस उपाशी जाऊ नये म्हणून तिनं कूलरवाल्याला मागच्या ओट्यावर पत्रावळ वाढली. आत भाऊजी पाटावर, भोवती रांगोळी. बाहेर साकेत उन्हात तापलेल्या फरशीवर. त्यानं सगळं खाल्लं. आई दुसरा धोंडा घेऊन गेली तेव्हा म्हणाला, "पोट भरलं, काकू." मग हात धुतले, पत्रावळ स्वतःच उचलली आणि गेला. आत कूलर गार हवा टाकत होता. भाऊजी म्हणाले, "पोरगा हुशार आहे. नंबर घेऊन ठेव त्याचा."

नंबर माझ्याकडे होता. तो मी त्या संध्याकाळपासून पुढचे चार महिने लावत होतो. साकेत पुण्याला गेला एवढंच कळलं. सप्टेंबरात कोर्टाचा निकाल आला, तो मी कचेरीच्या जिन्यात उभा राहून दोनदा वाचला. आमचं प्रेम आता गुन्हा राहिलं नव्हतं. प्रेम करायला मात्र समोर कोणी नव्हतं.

तर अशी ती गोष्ट, आणि यंदा पुन्हा धोंड्याचा महिना ज्येष्ठातच आला. आईचे गुडघे दुखत होते म्हणून मी तिला सेवाग्रामच्या दवाखान्यात घेऊन गेलो. व्हरांड्यात एक माणूस खाली बसून कसलंसं मशीन दुरुस्त करत होता. गळ्यात ओळखपत्र, कानाजवळ चार पांढरे केस. मी त्याला पाठीवरूनच ओळखलं आणि आईला दुसऱ्या बाजूनं नेऊ लागलो. आईला स्वतःचा चष्मा कुठं ठेवला ते आठवत नाही, पण कूलर दुरुस्त करणारा हात ती विसरणार नाही.

"अव माय, हा तं आपला कूलरवाला," ती म्हणाली. "बापा, इथं लागला का तू?"

साकेत उठून उभा राहिला. आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हव काकू. मशिनी दुरुस्त करतो इथं."

"तुहा हात लागला तं कूलर आठ वर्षं चालला पाहा. औंदा पुन्हा बसला. येशीन का?"

"येतो ना. रविवारी सुट्टी राह्यते."

"रविवारीच ये. जावई येऊन राह्यले, धोंड्याचं जेवण आहे. तूही जेवून जाजो."

मी नंबर लागल्याचं निमित्त करून आईला पुढं नेलं.

आई एक्स-रेच्या रांगेत बसली आणि मी साकेतला बाहेर निंबाखाली गाठलं. आठ वर्षांत घोकून ठेवलेलं सगळं बोललो. घाबरलो होतो, लहान होतो, रोज आठवण येते, एकही दिवस असा गेला नाही. तो हातातली वायर गुंडाळत ऐकत होता. वायर संपली, माझंही संपलं.

"झालं?" तो म्हणाला. "हे मी वाचलं आहे."

"कुठं?"

"बाविसाव्या भागात. मंजिरीताईच्या."

"तुले कसं समजलं?"

"तुहा केशव दर दोन वाक्यांनी 'खरं सांगू का' म्हणते. अन् डब्यातलं लोणचं कोणाचं होतं बे?"

आता या क्षणी माणसानं काय विचारावं? मी विचारलं, "पटला का भाग?" लेखकाची जात, दुसरं काय.

तो पहिल्यांदा हसला, पण लगेच थांबला. "एकवीस पटले. बाविसावा नाई. तू मले कूलरवाला म्हटलं तवा तुही आई होती, ताई होती, जावई होता. अन् माफी मांगाले तू मले झाडामागं घेऊन आला."

मग जे विचारायचं नव्हतं तेच विचारलं. "तुहं कोणी आहे?"

"होता एक, पुण्याले. चांगला होता. तिसऱ्या महिन्यात आईबापापाशी घेऊन गेलता मले. ते नाराज झाले, पण त्यानं सांगितलं. पुढं आमचं काई जमलं नाई, तो भाग वेगळा. पण असं सांगता येते, हे मले तवा समजलं." त्यानं वायर पिशवीत टाकली. "आता मी कोणाच्या मागच्या ओट्यावर जेवत नाई, राजस."

"मंग रविवारी येतो काऊन म्हटलं?"

"काकूनं बोलावलं. कूलर मीच सुधरवला होता." तो जायला वळला आणि परत थांबला. "अन् तुले एकदा पाह्यतो. एकदाच."

मोनालीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तेविसावा भाग लिही."

"काय लिहू त्यात?"

"मले काय विचारतं? रविवारी समजन."

रविवारी आई पहाटेपासून धोंडे करत होती. तेहतीस अनारसे ताटात रचून झाले, फुटलेले दोन तिनं माझ्या हातावर ठेवले. ते मी गुपचूप डब्यात परत ठेवले. साकेत दहाला आला. आईला नमस्कार केला, मला नुसती मान हलवली आणि कूलर खोलून बसला. जाळ्यांतलं जुनं गवत काढलं, नवं भरलं, मोटर मांडीवर घेतली. तासाभरात हात कोपरापर्यंत काळे. मी आत-बाहेर फेऱ्या मारत होतो आणि मनातल्या मनात वाक्यं जुळवत होतो. चार प्रकारे जुळवली. एक प्रकार तर इतका सुंदर होता की मला स्वतःलाच भरून आलं.

मग भाऊजी आले. आठ वर्षांत पोट सुटलं होतं, रुमाल तोच. ताई मागून पिशव्या घेऊन आली. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, तिच्या हातात एक कोरी पत्रावळ होती. भाऊजींनी कूलरकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अरे, हा तं तोच ना? तुमचा कूलरवाला?"

साकेतनं वर पाहिलं नाही. त्याच्या हातातला पाना फक्त थांबला.

माझे चारही प्रकार कुठं गेले कोण जाणे. "नाई भाऊजी," मी म्हटलं. "हा कूलरवाला नाई. तवाही नव्हता. मी खोटं बोललो."

भाऊजींना वाटलं मी गंमत करतोय. ते हसायला लागले आणि मध्येच थांबले.

"हा साकेत. तवा आम्ही तीन वर्षांपासून सोबत होतो. मित्र म्हणून नाई. तुम्ही अन् ताई जसे आहा, तसे. तुम्ही विचारलं तवा मी भेलो. अन् याले मागं बसून पत्रावळीत जेवा लागलं." माझा आवाज चिरकत होता आणि मला त्याची लाजही वाटत नव्हती. "मले तो अजूनही पायजे. त्याले मी पायजे का, मले माहीत नाई. पण तो कोण आहे, ते तुमच्यासमोर सांगाचं होतं."

भाऊजी कूलरकडे बघत राहिले, त्या खोलीत ज्याच्याकडे निर्धास्त बघता येईल असा तोच एक होता. ताईनं पिशव्या खाली ठेवल्या. "अभ्यासिकेत जाताना दोन जणांचा डबा नेत होता तू," ती हळूच म्हणाली. "मले वाटलंच होतं."

आई माझ्याकडे पाहत होती. मग तिनं हातातल्या पत्रावळीकडे पाहिलं.

"म्हणजे त्या दिवशी हा पाव्हणा होता?"

"हव."

"अन् धोंड्याच्या महिन्यात घरी आलेल्या पाव्हण्याले मी मागच्या ओट्यावर बसवलं?"

"हव आई."

"आठ वर्षं झाली. तू मले बोलला नाई." तिचा आवाज चढला नाही. "बाकी काय म्हणतं ते मले समजत नाई. त्याच्यावर तुह्याशी आज बोलू नाई शकत मी. पण हे पाप तू माह्या हातानं करवलं."

ती आत गेली. भांडी जोरजोरात वाजू लागली. साकेतनं मोटर बसवली, शेवटचा स्क्रू आवळला, पाना पिशवीत टाकला. काम अर्धवट टाकून जाणाऱ्यांतला तो नव्हेच, पण काम आता पुरं झालं होतं. त्यानं बटण दाबलं. कूलर घरघरला, पाणी चढलं आणि ओल्या गवताचा वास घरभर पसरला. तो पिशवी उचलून दाराकडे निघाला. मी हाक मारली नाही. माझं बोलून झालं होतं, आता त्याला अडवायचा हक्क मला नव्हता.

"हात धू रे," आई म्हणाली.

ती पाट घेऊन आली होती. ताईनं एव्हाना भाऊजींना रांगोळीतल्या पाटावर बसवलं होतं; त्यांच्या शेजारी भिंत आणि पेटीच्या मधे वीतभर जागा, तिथं तो पाट काही बसेना. तिनं दोनदा सरकवून पाहिला. मग कमरेवर हात ठेवला.

"रूपरावजी, सरका जरा."

भाऊजी सरकले. जावई माणूस, धोंड्याच्या दिवशी, आपल्या पाटासकट सरकला. आईनं गुडघ्याला हात लावत वाकून दुसऱ्या पाटाभोवती चिमटीनं रांगोळीची रेघ ओढली. वाकडीतिकडीच आली.

साकेत हात धुऊन आला आणि बसला. ताईनं वाढलं, मी पाणी दिलं. आई माझ्याकडे बघतच नव्हती. सगळं बोलणं तिचं त्याच्याशी: गाव कोणतं, आई आहे का, सेवाग्रामात जेवायचं काय करतं. भाऊजींनी बराच वेळ खाली मान घालून खाल्लं आणि मग आपल्या परीनं हातभार लावला. "कूलर... म्हणजे, साकेतजी, हवा मस्त येऊन राह्यली."

साकेतचं ताट संपत आलं. आई दुसरा धोंडा घेऊन त्याच्यापुढं वाकली. मी दारात तुपाची वाटी धरून उभा होतो आणि मला पुढचे दोन शब्द पाठ होते. आठ वर्षं पाठ होते. ते दोन शब्द आले की तो हात धुणार, नमस्कार करणार, आणि कूलर पुढची आठ वर्षं बंद पडणार नाही.

त्यानं आईच्या हातातल्या धोंड्याकडे पाहिलं.

"वाढा काकू," तो म्हणाला. मग मान वर करून, सगळ्यांसमोर, त्या घरात पहिल्यांदा त्यानं मला नावानं हाक मारली. "राजस, लोणचं आण ना. अन् जास्त आणजो."

मी आत गेलो. बरणी समोरच्या फळीवर होती. ती मी दोन्ही हातांनी धरली आणि तिथंच उभा राहून रडलो, चांगला हुंदके देऊन रडलो, बाविसाव्या भागातल्या माणिकसारखा. बाहेर ताटवाट्यांचा आवाज चालू होता. मग आईचा आवाज आला, पाट मांडल्यापासून मला उद्देशून पहिला.

"काऊन रे, लोणचं आणून राह्यला का घालून राह्यला? पोरगा थांबला आहे जेवाचा."